ओढणी बाजूला ठेव

लातूर
८ डिसेंबर २०२४

प्रिय लुंबिनी,

अक्षर ओळखलं असशील. ओळखून पाकीट तसंच बाजूला टाकलं असशील तर त्यातही तुझं चुकलं नाही.

गेल्या आठवड्यात नांदेडला शालेय चित्रप्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले होते. जिल्हाभरातून चारशेच्या वर चित्रं आलेली. तेच डोंगर, त्यांच्या मधोमध सूर्य, खाली झोपडी. दुपारी किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेचा गठ्ठा पुढ्यात आला आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. त्या चित्रांतल्या एकाही माणसाचे हात रिकामे नव्हते. एक बाई मोहाची फुलं वेचत होती. एक म्हातारा बैलाच्या मानेखाली खाजवत होता. एक मुलगी दुसरीच्या डोक्यातल्या उवा काढत होती, आणि तिचा अंगठा इतका खरा होता की मी आपोआप माझं डोकं खाजवलं. सातवी-आठवीच्या मुलांना हात काढायची भीती वाटते. ती हात खिशात घालतात, पाठीमागे नेतात. ही मुलं लपवत नव्हती.

सोबतच्या सरांना विचारलं, "यांना चित्रकला कोण शिकवतं?" त्यांनी यादी चाळून वाचलं, "लुंबिनी लिंबाजी सोनकांबळे."

पहिलं बक्षीस त्या उवांच्या चित्राला दिलं आहे. तुझं नाव कळायच्या आधीच दिलं होतं. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू ढाल परत पाठवशील.

तुझा फोन नंबर तुझ्या मुख्याध्यापकांनी दिला नाही, पत्ता दिला. ते बरंच झालं. फोनवर मी हवापाण्याचं बोलले असते.

मी अजून त्याच महाविद्यालयात आहे. आता विभागप्रमुख आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. तो फोटो कुणी काढावा, कुठे पाठवावा, यावर माझा ताबा नव्हता. तू कॉलेज सोडून गेलीस तेव्हा मी तुला थांबवायला हवं होतं. ते राहून गेलं.

मुलांना माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
मंजुश्री हलकुडे


लातूर
२२ डिसेंबर २०२४

प्रिय लुंबिनी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी पत्र टाकण्याआधी त्याची नक्कल ठेवते, जुनी सवय. काल ती वाचली आणि स्वतःचीच शिसारी आली. ‘जे झालं’, असं लिहिलंय मी. जणू गारपीट झाली. ‘राहून गेलं’ म्हणे. किराणा आणायचा राहून जातो. म्हणून पुन्हा लिहिते, या वेळी काय घडलं ते.

तो मंगळवार होता, २३ ऑगस्ट. दुसऱ्या वर्षाचा कलेतिहासाचा तास. प्रोजेक्टर बंद पडला होता. विषय होता पाश्चात्त्य कलेतल्या लज्जेच्या मुद्रा. मी नुसतं बोलून शिकवत होते. ग्रीकांच्या एका शिल्पकारानं देवी आंघोळीला उतरताना घडवली, वस्त्र बाजूला ठेवलेलं, एक हात मांड्यांपुढे. मूळ मूर्ती हरवली, नकला राहिल्या. पुढच्या नकलांमध्ये दुसरा हातही छातीशी आला, आणि ती मुद्रा इतकी रुळली की तिला नावच पडलं, लज्जावती व्हीनस. मग तोच हात ख्रिस्ती चित्रांत शिरला. ईव्हनं फळ खाल्ल्यावर तसाच हात धरला, तिथे तो पापाची खूण झाला. देवदूत समोर आल्यावर मेरीनं तळवा छातीवर ठेवला, तिथे तो विनयाची खूण झाला. हात एकच, अर्थ बदलत गेले, असं काहीतरी मी ऐटीत सांगत होते.

तू हात वर केलास. म्हणालीस, "मॅडम, पर ती कुणाला बघून झाकून राहिली? तिथं तर दुसरं कुणीच न्हाई."

वर्ग हसला. मीही हसले. आणि म्हणाले, "ये, तूच उभी राहून दाखव, मग कळेल."

तू प्रश्न विचारला होतास म्हणून तुला बोलावलं, दुसरं काही नव्हतं. तू आलीस. ओढणी बाजूला ठेवलीस. मी तुझा उजवा हात छातीपुढे, डावा खाली, असा सांगून ठेवायला लावला, मान जरा वळवायला लावली, आणि दहा मिनिटं तुझ्याकडे काठीनं दाखवत शिकवलं. खांद्यापासून मनगटापर्यंत रेषा कशी जाते. झाकणारा हात नजरेला तिकडेच कसा नेतो. पंजाबी ड्रेस घातलेली एकोणीस वर्षांची मुलगी सव्वीस जणांसमोर उभी, आणि मी म्हणत होते, "बघा, बोटं बघा."

तुझी बोटं थरथरत होती. मला ते दिसलं. त्याचंही मी उदाहरण केलं.

मागच्या बाकावर उमाशंकर होता, संस्थेच्या सचिवांचा पुतण्या. संध्याकाळपर्यंत तुझा फोटो त्या मूर्तीच्या फोटोशेजारी जोडून मुलांच्या ग्रुपवर गेला. खाली जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. दोन दिवसांत तो लातूरभर फिरला.

उभं राहायला मी सांगितलं होतं. हे पहिल्या पत्रात नव्हतं, म्हणून आज लिहिलं.

मंजुश्री


लातूर
९ जानेवारी २०२५

लुंबिनी,

तो पाठ मी त्यानंतर शिकवला नाही. दर वर्षी मुलांना छापील टिपणं देऊन उरकते. काल निलंग्याची एक मुलगी, नीलम्मा तिचं नाव, स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, परीक्षेला येतंय अन् तुम्ही शिकवतच नाही, असं का?" नाही म्हणता येईना. आता प्रोजेक्टर नवा आहे, चित्र लख्ख दिसतं. फ्लॉरेन्समधल्या एका चर्चच्या भिंतीवरचं चित्र लावलं. स्वर्गातून हाकललेलं जोडपं. बाईनं एक हात छातीवर, एक खाली धरलाय आणि तोंड वर करून रडतेय. पुरुषानं अंग उघडंच टाकलंय, दोन्ही तळव्यांनी फक्त तोंड झाकलंय. पुढे केव्हातरी लोकांनी दोघांच्या कमरेवर पानं रंगवून घेतली, आणि तीनशे वर्षांनी ती पुसून काढली, हे सांगत होते.

नीलम्मा म्हणाली, "म्हणजे बाईला अंगाची लाज अन् बाप्याला तोंडाची?"

मी बटण दाबून चित्र बंद केलं. तास सोडला. मुलांना वाटलं मला चक्कर आली. मला तुझ्या फोटोनंतर नेमलेल्या चौकशी समितीची खोली आठवली होती. तिथे मी कशाची लाज धरली होती ते आठवलं होतं.

मागच्या पत्रात लिहिलं, ‘ओढणी बाजूला ठेवलीस’. तू ठेवली नव्हतीस. तू ओढणीसकट उभी राहिलीस, दोन्ही टोकं घट्ट धरून. मी म्हणाले, "ओढणी बाजूला ठेव, हाताची रेषा दिसत नाही." तू माझ्याकडे बघितलंस. मी पुन्हा म्हणाले, "ठेव गं, आपण काही परके नाही." मग तू ती घडी करून टेबलावर, माझ्या हजेरीपटावर ठेवलीस.

समितीत तिघं होते. सचिव स्वतः, एक वकील, एक वरिष्ठ प्राध्यापक. अकरा वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनला नवी नेमणूक, दर एप्रिलला घरी. माझ्या कायम होण्याचा प्रस्ताव तेव्हा सचिवांच्या टेबलावर पडून होता. हे कारण म्हणून सांगत नाही. खोलीत काय काय होतं ते सांगते.

सचिवांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही तिला उभं केलं का?"

मी म्हणाले, "ती स्वतःहून पुढे आली, सर. तिला तसं पुढे पुढे करायची सवय आहे."

"आणि ओढणी?"

"मी फळ्याकडे वळले होते. बघते तर तिनं काढलेली."

वकील पुटपुटले, "त्यांच्यात चालत असेल असलं." मी ऐकलं. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसले. वर्गातल्या सव्वीस जणांपैकी कुणालाही बोलावलं नाही. उमाशंकरचं नाव कागदावर आलंच नाही. तुझं आलं. चार महिन्यांनी माझा कायम नेमणुकीचा आदेश निघाला. आम्ही घरी पेढे वाटले, लुंबिनी. मी पेढा खाल्ला.

आता अजून एक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही.

तू प्रश्न विचारलास म्हणून तुला बोलावलं, हे खोटं आहे. वर्गात सहा मुली होत्या. मी आधी पहिल्या बाकाकडे बघितलं. तिथली मुलगी डॉक्टरची होती. मनात आलं, हिचे वडील उद्या दारात येतील. तिच्या शेजारची माझ्या नात्यातली. मग माझी नजर तुझ्यावर आली. बिलोलीकडची, वडील शिपाई, वसतिगृहात राहणारी. मला वाटलं, हिच्यासाठी जाब विचारायला कुणी येणार नाही. एवढा विचार करायला मला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. इतका तो तयार होता माझ्या आत.

तू माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होतीस. ते माहीत असूनही.

माफी मागायचा शब्द हातात येत नाही. आला तरी तो कुठे ठेवू, कळत नाही.

मंजुश्री


निवासी शाळा, ता. किनवट
२० जानेवारी २०२५

मॅडम,

जय भीम.

तिन्ही पत्रं पोचली. पहिलं वाचून फाडलं. दुसरं तसंच ठेवलं. तिसरं दोनदा वाचलं.

मला का निवडलं ते तुम्ही कुणाला सांगितलं नाही म्हणता. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. तुमची नजर पहिल्या बाकावरून सरकत माझ्यापर्यंत आली, ती मी बघितली. तरी उठले. कारण तुम्ही माझ्या आवडत्या मॅडम होत्या, आणि तुम्ही ‘ठेव गं’ म्हणालात. लई वर्षं मला तुमच्यापेक्षा माझाच राग आला.

कॉलेजनं जे पत्र पाठवलं ते तुम्ही वाचलं होतं की नाही, माहीत नाही. ‘आपल्या पाल्याने वर्गात स्वेच्छेने अशोभनीय वर्तन केले.’ पप्पा पंचायत समितीत शिपाई होते. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. ऑफिसचं टपाल फोडायचं काम त्यांचंच. त्यांनी स्वतःच्या हातानं फोडलं, साहेबांसमोर उभं राहून वाचलं. नोकरीत तीस वर्षं त्यांनी कधी सदऱ्याचं वरचं बटण उघडं ठेवलं नव्हतं, मॅडम. असा माणूस.

मला घ्यायला लातूरला आले. लातूर ते नांदेड, नांदेड ते बिलोली, दोन्ही गाड्यांत माझ्या शेजारी बसले नाहीत. एक सीट सोडून पुढं बसले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "हिला जेवू घाल." त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मीच निघाले मग. किनवटला धोंडाबाई मावशीकडं राहिले, पुढं नांदेडला आर्ट टीचर डिप्लोमा केला, ही शाळा मिळाली. आई वर्षातून दोनदा येते. लपून नाही, सांगून येते. पप्पा तिला स्टँडवर सोडतात आणि माघारी फिरतात.

त्या दिवशी माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नाही. मला मिळालंय ते. त्या मूर्तीच्या अंगात लाज नाही. ती तिच्यापुढं उभा राहून बघणाऱ्यानं आणलेली आहे. पर बघणारा चित्रात कधीच नसतो, म्हणून सगळे तिलाच विचारतात, तू का झाकून राहिलीस. मी मुलांना एवढंच शिकवते, माणूस काढा तर तो काय करतोय ते काढा. हाताला काम द्या.

माफी मला नको. खरं काय झालं ते मला माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याला सांगा. आधी कॉलेजला लिहून द्या. मग बिलोलीला जा. पप्पांला पत्र पाठवू नका, एक पत्र आलंय त्यांला, तेवढं बस झालं. समोर उभं राहून सांगा.

ढाल मिळाली. पोरं खूश आहेत. उवांचं चित्र काढणारीचं नाव शिवम्मा आहे, प्रमाणपत्रावर चुकीचं छापलंय, ते बदलून पाठवा.

लुंबिनी सोनकांबळे


लातूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय लुंबिनी,

शिवम्माचं प्रमाणपत्र बदलून घेतलं, सोबत जोडलं आहे.

बुधवारी मी लेखी जबाब दिला. दोन पानं, हातानं लिहिलेली. उभं कुणी केलं, ओढणी कुणी काढायला लावली, समितीत मी काय खोटं बोलले, फोटो कुणी काढला. वकिलांचं वाक्यही लिहिलं, आणि मी गप्प बसले हेही. प्राचार्यांनी वाचून कागद उलटा ठेवला. म्हणाले, "मॅडम, आठ वर्षं होऊन गेली. सचिव वारले. उमाशंकर आता सहसचिव आहेत. पोरगी तिकडं सुखात आहे म्हणता. मग हे कशासाठी?"

मी म्हणाले, "आवक क्रमांक टाकून द्या, सर."

"घरी नेऊन एकदा विचार करा."

"आवक क्रमांक टाकून द्या."

कारकुनानं शिक्का मारला. त्याचा हात मध्येच थांबला होता, तो प्राचार्यांकडे बघत होता. मी खिडकीपाशी उभीच राहिले, तेव्हा मारला. त्याची छायाप्रत तुला पाठवते. त्यात हेही लिहिलंय की तुझ्या वडिलांना गेलेलं पत्र रद्द करून तसं त्यांना लेखी कळवावं. शुक्रवारी माझ्याकडचं विभागप्रमुखपद काढून घेतल्याचा आदेश आला, ‘प्रशासकीय कारणास्तव’. आता माझीच चौकशी होईल असं दिसतं. होऊ दे. त्या खोलीत मला या वेळी काय बोलायचं ते ठाऊक आहे. तुला हे वाचून माझी कीव येऊ नये, म्हणून लगेच सांगते, पगार चालू आहे आणि मी दोन वेळा जेवते आहे.

घरीही सांगितलं. तुला का निवडलं, तेसुद्धा. हे, शरणप्पा, दुकानातून येऊन नुकतेच जेवायला बसले होते. ताट सरकवलं. "आता उकरून काय करून राहिलीस? लोकांनी तोंडं बंद केली होती ना?" मग दोन दिवस बोलले नाहीत. आज सकाळी म्हणाले, "बिलोलीला गाडीनं सोडू का?" मी नको म्हटलं. त्यांच्या गाडीतून उतरले असते तर ते तुझ्या वडिलांना पाहुणी आल्यासारखं वाटलं असतं.

भीती वाटते. कधी जाईन ते लिहीत नाही. तारीख लिहिली की ती पुढे ढकलायची सवय आहे मला.

मंजुश्री


लातूर
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय लुंबिनी,

काल बिलोलीला जाऊन आले.

पहाटेच्या गाडीनं निघाले. नांदेडला गाडी बदलली. दोन्ही प्रवासांत एक सीट सोडून पुढची जागा मला दिसत राहिली, तिच्यावर कोण कोण बसलं ते मी बघत राहिले.

तुमचं घर विचारावं लागलं. तुझे वडील अंगणात खुर्चीवर बसले होते, पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं. तुझी आई, सुमनबाई, सुपात तूर निवडत होत्या. मी नाव सांगितलं. "लातूरच्या कॉलेजची. लुंबिनीची मॅडम."

सुमनबाईंचा हात थांबला. लिंबाजीराव बसा म्हणाले नाहीत. मी उभी राहिले. तू म्हणाली होतीस, उभं राहून सांगा.

मी सुरुवात केली. "तुम्हाला कॉलेजमधून जे पत्र आलं होतं..."

ते म्हणाले, "मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."

मी आवाज चढवला. "तुम्हाला जे पत्र आलं, ते खोटं होतं."

"आजून मोठ्यानं."

शेजारच्या दोन बाया ओट्यावर आल्या. समोरच्या घरातला माणूस मोटारसायकल पुसत होता, त्यानं फडकं थांबवलं. मी घसा साफ केला आणि ओरडून बोलले, लुंबिनी. आयुष्यात मी वर्गातसुद्धा इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. तुमच्या मुलीनं काही केलं नाही. तिला मी पुढे बोलावलं. हात कुठे धरायचा ते मी सांगितलं. ओढणी मी काढायला लावली, ती दोन्ही टोकं घट्ट धरून उभी होती. फोटो एका पोरानं काढला, तो मोठ्या घरचा होता. मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, की हिनं आपणहून केलं. माझी नोकरी पक्की व्हावी म्हणून.

"आन् तिलाच का बोलावलं?" ते म्हणाले.

हा प्रश्न ते विचारतील असं मला वाटलं नव्हतं. गल्लीत सात-आठ माणसं जमली होती.  ते थांबले. घाई केली नाही त्यांनी.

मी सांगितलं. "तुमच्याकडून कुणी विचारायला येणार नाही, असं मला वाटलं."

"ऐकू आलं न्हाई."

मी ते पुन्हा म्हणाले, ओरडून. ओट्यावरच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. मोटारसायकलवाला म्हणाला, "काय बाई हाय!" आणि थुंकला. माझ्या अंगावर नाही, बाजूला.

लिंबाजीराव उठले आणि आत गेले. मला वाटलं, संपलं. सुमनबाई माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाल्या, "माझी पोरगी इथं, ह्या जागी आठ दिस बसून व्हती. पाणी बी मागितलं न्हाई तिनं." 

ते बाहेर आले, हातात ते पत्र. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं. माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाचा." मी वाचलं, सगळ्यांसमोर, प्रत्येक ओळीनंतर ‘हे खोटं आहे’ म्हणत. मी तसं म्हणावं असं त्यांनी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काय करता आलं असतं? माझ्या जबाबाची शिक्क्याची छायाप्रत मी त्यांना दिली. त्यांनी आधी तारीख वाचली, मग आवक क्रमांक, मग मजकूर. कागद कसा वाचायचा ते त्यांना ठाऊक आहे.

मग ते खुर्चीत बसले.  लोक हळूहळू पांगले. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हलक्या आवाजात म्हणाले, "तुमी खोटं बोलल्या. ते तुमचं तुमच्यापाशी. मी तर इचारलंच न्हाई. लेकराला एकदा बी इचारलं न्हाई मी, बाई असं झालं का म्हणून. सायबाच्या म्होरं कागद वाचला आन् कागदाचंच खरं धरलं. जलमभर कागदच धरून राहिलो ना."

सुमनबाई म्हणाल्या, "मी म्हनत व्हते."

"हाव," ते म्हणाले. "तू म्हनत व्हती."

ते रडले, लुंबिनी. तोंड झाकलं नाही. मी मान वळवली, कारण ते बघण्याचा हक्क मला नव्हता.

मला स्टँडपर्यंत सोडायला सुमनबाई आल्या.  गाडी लागली तेव्हा म्हणाल्या, "कान चांगले हायत त्यांचे. भिंतीपल्याडचं बोललेलं ऐकू येतं." मी पायरीवर थबकले. त्या म्हणाल्या, "गल्लीला ऐकू जायला पाहिजे व्हतं. पत्र आलं तवा गल्लीला लई ऐकू गेलं व्हतं." आणि मला हातानं वर ढकललं, गाडी सुटत होती म्हणून.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे, कारण तुझे वडील तुझ्याकडे येणार आहेत. मी निघताना ते शेजाऱ्याला विचारत होते, नांदेडहून किनवटची रेल्वे किती वाजता. शनिवारी येणार आहेत. तुला फोन करा असं सुमनबाई म्हणाल्या, तर नको म्हणाले. फोनवर पोरीला हो म्हणावं लागतं, म्हणाले. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, मला त्यात भर घालायची नाही: "मी शाळेच्या फाटकाभाईर बसतो. तिला कुनी सांगायचं न्हाई की बाहेर ये. आली तर आली. न्हाई आली तर सांजच्या गाडीनं माघारी येतो, आन् फुडल्या शनवारी पुना जातो."

मंजुश्री